मुलाखतीच्या खोलीत, तोंड उघडण्याआधी

मुलाखतीची तयारी म्हटली की आपल्याकडे आधी वह्या भरतात. ‘स्वतःविषयी सांगा’चं उत्तर पाठ, जिल्ह्यातली धरणं पाठ, आपल्या आडनावामागची कथासुद्धा पाठ. पण दारापासून खुर्चीपर्यंतची ती चार पावलं कशी टाकायची, बसल्यावर हात कुठे ठेवायचे, उत्तर येत नसेल तेव्हा चेहऱ्याचं काय करायचं, याची तालीम कुणी करत नाही. मग आदल्या रात्री कुणीतरी ‘देहबोलीचे दहा नियम’ असा व्हिडिओ पाठवतं आणि मुलगा दुसऱ्या दिवशी खोलीत शिरतो तो पुतळा होऊनच.

हे लिहितेय ते आयुष्यातल्या पहिल्या मुलाखतीला निघालेल्यांसाठी. मग ती एमपीएससीची असो, बँकेची असो की हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीची. मी अभिरूप, म्हणजे सरावाच्या, मुलाखतींच्या पॅनेलवर बसते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते मला ठाऊक आहे. देहबोलीने पॅनेलवर छाप पाडायची असते, असं मला अजिबात वाटत नाही. तिचं काम एवढंच, की तुमच्या उत्तराच्या वाटेत तिने आडवं येऊ नये. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

पायरी १ : व्हॉट्सअ‍ॅपवरचे आकडे डोक्यातून काढा

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५’ हे कुठल्या ना कुठल्या कार्यशाळेत ऐकलं असेलच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून हे आकडे आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, सोबत चेहऱ्यांचे फोटो होते, आणि ओळखायचं होतं ते बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड आहे की नावड. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, तेव्हा लोक कशावर विश्वास ठेवतात, एवढ्यापुरता तो मामला. सरसकट सगळ्या बोलण्याला हे सूत्र लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. पीक विम्यावरच्या प्रश्नाचं ५५ टक्के उत्तर भुवयांनी देता येत नाही.

दुसरं खूळ म्हणजे मुलाखतीआधी बाथरूममध्ये कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहणं. २०१० मध्ये डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी अशा पवित्र्याने शरीरातली संप्रेरकंसुद्धा (हार्मोन्स) बदलतात असं मांडलं होतं. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी सुमारे दोनशे जणांवर तोच प्रयोग केला, तेव्हा संप्रेरकांत काही फरक पडलेला दिसला नाही. उभं राहणाऱ्यांना स्वतःला जरा बरं वाटलं, इतकंच. २०१६ मध्ये तर कार्नी यांनीच, आपला आता या परिणामावर विश्वास उरलेला नाही, असं जाहीर केलं. बरं वाटत असेल तर खुशाल उभे राहा. फक्त बाथरूमबाहेर रांग लागलेली असते, तेवढं बघा.

तिसरा समज जास्त घातक आहे: नजर चुकवली की माणूस खोटं बोलतोय, हाताची घडी घातली की काहीतरी लपवतोय. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ मध्ये या विषयावरचे असंख्य प्रयोग एकत्र करून तपासले. समोरच्याकडे बघून खरं-खोटं ओळखण्यात लोक ५४ टक्के वेळा बरोबर ठरतात, असं निघालं. नाणं उडवलं तरी पन्नास टक्के मिळतातच. पण याचा उलटा अर्थही ध्यानात ठेवा. पॅनेलला खरं-खोटं नीट ओळखता येत नसलं, तरी आपल्याला ते येतं असं पॅनेलला वाटत असतं. नजर चुकवणारा खोटारडा, हा समज जगभर आहे. म्हणजे तुम्ही खरं बोलत असूनही तो डाग लागू शकतो.

पायरी २ : मत किती लवकर बनतं, ते समजून घ्या

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागापुरते दाखवले आणि विचारलं, हा माणूस कसा वाटतो? भरवशाचा? हुशार? लोकांनी मत दिलं. मग वेळ वाढवून दिला. मत फारसं बदललं नाही. वाढली ती फक्त स्वतःच्या मताची खात्री.

त्याआधी १९९३ मध्ये भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी यांनी रॉबर्ट रोझेन्थल यांच्यासोबत हार्वर्डमध्ये एक प्रयोग केला होता. शिकवणाऱ्यांच्या दहा-दहा सेकंदांच्या चित्रफिती, आवाज पूर्ण बंद, आणि त्या बघणारे त्या शिक्षकांना कधीच न भेटलेले. त्यांनी दिलेले गुण आणि त्याच शिक्षकांकडे सत्रभर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी शेवटी दिलेले गुण बरेचसे जुळले. पाच आणि दोन सेकंदांच्या तुकड्यांवरही हे बऱ्यापैकी टिकलं. यातून ‘पहिलं मत बरोबरच असतं’ असा निष्कर्ष काढू नका. सत्रभर बसलेल्या विद्यार्थ्यांचं मतही कदाचित पहिल्या दोन सेकंदांतच ठरलं असेल, ही शक्यता मला जास्त अस्वस्थ करते.

आपल्या न्यायालयांनाही हा धोका जुनाच माहीत आहे. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रवेश सर्वोच्च न्यायालयापुढे आले. लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडीला ५०, तेही दोन-तीन मिनिटांच्या गप्पांवर. तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी ठरेल, असं न्यायालय म्हणालं. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण करावं असंही सुचवलं. (टेपवर चेहरा येत नाही, हा भाग वेगळा.) यूपीएससीत मुख्य परीक्षेचे १७५० गुण आणि व्यक्तिमत्त्व चाचणीचे २७५, म्हणजे एकूण २०२५ मध्ये मुलाखतीचा वाटा चौदा टक्क्यांच्या आतच राहतो. कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती तर केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून बंदच केल्या.

पायरी ३ : आवाज बंद करून स्वतःला बघा

सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवा, समोर खुर्ची ठेवा, एखाद्या मित्राला प्रश्न विचारायला बसवा. मोबाइल तुम्ही दारातून आत येताना सुरू झालेला हवा, खुर्चीत बसल्यावर नव्हे. दहा मिनिटांचं चित्रण पुरे. प्रश्नांत दोन तरी असे हवेत ज्यांचं उत्तर तुम्हाला अजिबात येत नाही, आणि ते कोणते हे आधी कळता कामा नये.

मग ते आवाज पूर्ण बंद करून बघा. आवाज सुरू असला की आपलं सगळं लक्ष आपण काय बोललो याकडे जातं. तो बंद केला की पडद्यावर एक अनोळखी मुलगा किंवा मुलगी दिसते, तीच पॅनेलला दिसते. एका मुलीने असं चित्रण केलं होतं. उत्तरं चोख, भाषा स्वच्छ. पण मुका व्हिडिओ सुरू झाल्यावर आम्हा दोघींनाही एकच गोष्ट दिसत राहिली. प्रश्न सुरू झाला की तिचा उजवा हात ओढणीच्या टोकाकडे जायचा, प्रश्न संपेपर्यंत त्या टोकाची घट्ट सुरळी झालेली असायची, आणि उत्तर देताना ती सुरळी उलगडत जायची. प्रत्येक प्रश्नाला, न चुकता. तिला याचा पत्ताच नव्हता. पुढच्या वेळी तिने ओढणी खांद्यावर पिनेने पक्की केली आणि मांडीवर फाइल ठेवली. हाताला चाळा मिळाला नाही, विषय संपला.

सुधारणा अशाच करायच्या. ‘अस्वस्थ दिसू नका’ या सल्ल्याचा काही उपयोग नाही. सुरळी करायला ओढणी मिळू नये, अशी व्यवस्था करायची.

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९६९ मध्ये हालचालींची जी वर्गवारी केली, तिच्यात अशा नकळत होणाऱ्या चाळ्यांचा वेगळा गट आहे. आपल्याकडचे ठरलेले: जीभ चावणं, बोटं मोडणं, केसांतून हात फिरवणं, पेनचं टोपण टकटकवणं, नाक ओढणं. व्हिडिओत तुमचे कोणते आहेत ते शोधा. एखादा सापडतोच. एकदम पाच सुधारायला जाऊ नका, सगळ्यात जास्त डोळ्यांत भरणारा एकच निवडा.

हातवारे मात्र या गटातले नाहीत, ते दाबू नका. जेना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९९८ मध्ये दाखवलं की जन्मापासून अंध असलेली मुलंही बोलताना हात हलवतात, समोरचाही अंध असला तरीसुद्धा. हात हलतात ते बोलणाऱ्याच्या विचारांसोबत. हात गच्च धरून बसलेली मुलं उत्तरातही अडखळतात, असं मी कायम बघत आलेय. हातवारे छातीच्या खाली आणि खांद्यांच्या आत राहिले की झालं.

पायरी ४ : नजर

इथे आपल्याकडच्या मुलांची खरी पंचाईत होते. घरात शिकवण काय असते? मोठे बोलत असताना डोळे खाली. ‘वर तोंड करून बघतोस काय?’ हे वाक्य गावाकडे वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. म्हणजे खाली बघणं हा आदर. तोच मुलगा तोच आदर घेऊन पॅनेलसमोर बसतो, आणि पॅनेल लिहून ठेवतं: आत्मविश्वास कमी. दोघांपैकी कुणीच वाईट वागलेलं नसतं.

उपाय म्हणून ‘डोळ्यांत डोळे घालून बोला’ असं सांगितलं जातं, आणि मुलगा अध्यक्षांकडे असा काही रोखून बघतो की ते बिचारे चष्मा पुसायला घेतात. तेही नको. मी तीन गोष्टी सांगते.

प्रश्न ऐकताना विचारणाऱ्याकडेच बघा, पूर्ण वेळ. ऐकताना बघणं बोलताना बघण्यापेक्षा सोपं असतं, आणि समोरच्याला तेच जास्त हवं असतं.

प्रश्न संपल्यावर विचार करायचा असेल तर नजर हटवा, बिनधास्त. आर्थर ग्लेनबर्ग यांच्या १९९८ च्या प्रयोगांत दिसलं की अवघड प्रश्नाला माणसं आपसूक नजर दुसरीकडे नेतात, आणि त्याने त्यांना आठवायला मदतही होते. तेव्हा क्षणभर टेबलाकडे किंवा भिंतीकडे बघितलंत तर बिघडत नाही. फक्त पहिलं वाक्य सुरू करताना नजर परत माणसावर आलेली असू दे. छताकडे बघत उत्तर दिलं की पाठ केलेलं म्हणून दाखवतोय असं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते तसंच असतं.

उत्तर लांबलं तर मधल्या एखाद्या वाक्याला बाकीच्या सदस्यांकडेही बघा. पंख्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरायचं नाही; एक वाक्य एका माणसाला, एवढंच. शेवटचं वाक्य पुन्हा प्रश्न विचारणाऱ्याला.

यूपीएससीची मुलाखत मराठीतून देणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. तिथे दुभाषी दिला जातो, आणि आपली भाषा समजणारा खोलीत बहुधा तो एकच असल्याने नजर सारखी त्याच्याकडे पळते. प्रश्न सदस्याने विचारलाय, उत्तरही त्यालाच द्या. दुभाषी तुमचं वाक्य हिंदीत किंवा इंग्रजीत सांगत असतानासुद्धा सदस्याकडेच बघा. तालमीत हे मुद्दाम करून बघावं लागतं, आपोआप जमत नाही.

पायरी ५ : येणं, बसणं, मान

दारावर टकटक, ‘आत येऊ का?’, दोन पावलं आत, मग नमस्कार. चालता चालता नमस्कार केला की तो कुणालाच पोचत नाही. अध्यक्षांना एक आणि मग सगळ्यांना मिळून एक, पुरे. वाकून पाया पडू नका; पॅनेल अवघडतं. शेकहँडसाठी स्वतःहून हात पुढे करू नका, समोरून आला तर नीट मिळवा. खुर्ची सरकवायची तर उचलून, फरफटत नाही. पाठ टेकून बसा, आणि दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकले तर पाय हलवायची सवय निम्मी आपोआप जाते. आजी ओरडायची ती अगदीच उगाच नव्हे.

मानेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. हो, बरं, असेल, बघू, या सगळ्याला चालणारी जी आपली बाजूला डोलणारी मान आहे, ती पुण्या-मुंबईच्या पॅनेलला बरोबर कळते. कंपनीच्या मुलाखतीत पलीकडे जर्मन किंवा अमेरिकन माणूस असेल तर तो गोंधळतो, कारण त्याला ती ‘नाही’च्या जवळची वाटते. अशा वेळी मान डोलली तरी तोंडाने ‘हो’ म्हणा.

कपड्यांवर पानंच्या पानं लिहिली जातात, माझं सांगणं एका ओळीचं: जे घालणार ते आधी पूर्ण दिवस घालून बघा. नवा बूट चावतो, साडीची सवय नसली की सगळं लक्ष निऱ्यांत राहतं, आणि चेहऱ्यावर दिसणारं ते दुखणं पॅनेलला तुमच्या उत्तरातलं वाटतं.

पायरी ६ : जे आपल्या हातात नाही

नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत. स्वेद, वेपथू, स्वरभंग, वैवर्ण्य: घाम, कंप, आवाज फुटणं, चेहऱ्याचा रंग उतरणं. हे चार तर मुलाखतीच्या दिवशी प्रतीक्षा कक्षात बाकावर शेजारी शेजारीच बसलेले असतात. मनातून उमटल्याशिवाय ते खरे वाटत नाहीत, असं परंपरा सांगते. उमटल्यावर ते लपवताही येत नाहीत, हा पॅनेलवरचा माझा अनुभव.

तेव्हा लपवू नका, सोय करा. हात थरथरत असतील तर कागद हातात धरू नका, कागद थरथर दुप्पट करून दाखवतो. पाण्याचा पेला दिला तर दोन्ही हातांनी धरा किंवा ‘नको, धन्यवाद’ म्हणा. आवाज फुटला तर थांबा, श्वास घ्या, वाक्य पहिल्यापासून म्हणा. घाम रुमालाने उघडपणे पुसा, बाहीने चोरून नको. पॅनेलवरचे सगळे कधीतरी तुमच्या खुर्चीत बसलेले असतात. घाबरलेला मुलगा त्यांना खुपत नाही. घाबरलेलो नाही असं दाखवणारा खुपतो.

उत्तर येत नसेल तेव्हाचा चेहरा हाही यातलाच. आपल्याकडची मुलं अशा वेळी हसतात. ते ओशाळं हसू असतं, पण टेबलापलीकडून ते बेफिकिरीचं वाटू शकतं. ‘माहीत नाही, सर’ हे साध्या चेहऱ्याने, नजर न पाडता म्हणायची वेगळी तालीम करा. म्हणूनच त्या चित्रणात न येणारे दोन प्रश्न घालायला सांगितले.

पायरी ७ : पॅनेलही तुम्हाला घडवत असतं

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. १९७४ मध्ये कार्ल वर्ड, मार्क झॅना आणि जोएल कूपर यांनी प्रिन्स्टनमध्ये दोन प्रयोग केले. पहिल्यात दिसलं की गोरे मुलाखतकार कृष्णवर्णीय उमेदवारांपासून लांब बसतात, बोलताना जास्त अडखळतात आणि मुलाखत लवकर गुंडाळतात. दुसऱ्यात त्यांनी मुलाखतकारांना शिकवून तयार केलं आणि काही गोऱ्या उमेदवारांशी मुद्दाम तसंच, लांबून आणि तुटक, वागायला लावलं. त्या उमेदवारांच्या मुलाखती पडल्या. जे परीक्षक फक्त उमेदवारालाच बघत होते, त्यांना ते जास्त अस्वस्थ आणि कमी लायक वाटले. लांबून बसलेला मुलाखतकार त्या परीक्षकांना दिसतच नव्हता.

आता आपल्याकडचं बघा. एक सदस्य मोबाइल बघतोय, एक तुमचं आडनाव वाचून शेजाऱ्याशी काही बोलतोय, एक खिडकीबाहेर बघतोय. तुम्ही नकळत तसंच उत्तर देऊ लागता: तुटक, लवकर संपवणारं. हे आपल्यात होतंय हे ओळखता आलं तर निम्मं काम झालं. उत्तराची लांबी पॅनेलच्या चेहऱ्यावरून ठरवू नका, तालमीत ठरवलीत तीच ठेवा. दुर्लक्ष करणाऱ्याला जिंकायच्या नादी लागू नका; जो ऐकतोय त्याच्याकडे बघून उत्तर पूर्ण करा. आणि एखाद्याचा चेहरा कोराच असेल, तर तुमचं चुकतंय असं धरून चालू नका. सकाळपासून तो हाच प्रश्न विचारत असतो.

पॅनेलवर बसणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगते: आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न सारखाच आणि सारख्याच सुरात विचारा. निदान सुरुवात तरी एकाच रेषेवरून होईल.

मुलाखत ऑनलाइन असेल तर

लॅपटॉप चार पुस्तकांवर ठेवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आला पाहिजे. नाहीतर पॅनेलला तुमच्या नाकपुड्या आणि घरचा पंखा दिसतो. खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. स्वतःचं चित्र दिसण्याची सोय बंद करा, नाहीतर बोलताना सगळं लक्ष आपल्याच केसांकडे जातं. ऐकताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघितलं तरी चालेल, बोलताना मात्र कॅमेऱ्याच्या टिपक्याकडे बघा. ते फार कृत्रिम वाटतं, म्हणून टिपक्याशेजारी एक छोटी टिकली चिकटवा आणि दोन दिवस घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर तशीच बोलायची सवय करा. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे समोरच्याचा प्रश्न संपला असं वाटल्यावर मनात एक-दोन म्हणा आणि मग सुरू करा. नाहीतर दोघंही एकदम बोलता, दोघंही ‘सॉरी, तुम्ही बोला’ म्हणता, आणि त्यात एक प्रश्न जातो.